जुनी मर्सिडीज संस्थेला दान केली तर टॅक्समध्ये किती सूट मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2004 ची एस 430 न्यू जर्सीत घरासमोर उभी आहे. इंजिन सुरू होतं, पण एअर सस्पेन्शन (गाडी हवेच्या दाबावर तोलणारी यंत्रणा) गेल्यामुळे गाडी पुढून बसली आहे. डीलर ट्रेड-इनला (नव्या गाडीच्या बदल्यात) घ्यायला तयार नाही, जुन्या गाड्यांच्या किमती सांगणारं केली ब्लू बुक मात्र 4,000 डॉलर दाखवतं. एखाद्या संस्थेला देऊन टाकली तर त्या 4,000 ची सूट मिळेल का?

नाही मिळणार. मी एका सीपीएच्या (अमेरिकेतल्या सीएच्या) ऑफिसात सीझनला रिटर्न भरायचं काम करते. ब्लू बुकाचं प्रिंटआउट घेऊन येणारं आपलं कुणीतरी दर मार्चमध्ये भेटतंच.

सूट 500 डॉलरच्या वर मागायची असेल, तर संस्थेने गाडी प्रत्यक्ष जितक्याला विकली तेवढाच आकडा धरता येतो. तो आकडा संस्था 1098-सी या फॉर्मवर कळवते आणि विक्रीनंतर 30 दिवसांत तो फॉर्म तुम्हाला पाठवते. गाडी 500 किंवा त्याहून कमी पैशांत गेली, तर तिची बाजारातली किंमत किंवा 500, यातलं जे कमी असेल ते. हा नियम 2005 पासूनचा. त्याआधी मालक स्वतःच किंमत ठरवून मोकळे होत. 2003 मध्ये जीएओने (अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या खात्याने) अशा 54 गाड्यांचा माग काढला, तेव्हा त्यातल्या दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत संस्थेच्या हाती आलेली रक्कम मालकाने दाखवलेल्या किमतीच्या 5 टक्के किंवा त्याहूनही कमी निघाली. मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दार लावून घेतलं.

आता तुमच्या गाडीला लिलावात काय येईल? नवी होती तेव्हा ती सत्तर हजार डॉलरच्या वर होती, पण ते लिलावात कुणी विचारत नाही. तिचं व्ही-8 इंजिन दणकट असतं हे मेकॅनिकला ठाऊक असतं. तरी बोली लावणारा आधी चार एअर स्ट्रटचा (त्या सस्पेन्शनच्या चार खांबांचा) खर्च मोजतो आणि बहुतेक वेळा भंगाराचं वजन अधिक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) एवढाच भाव धरतो. समजा 900 आले. तुम्ही 24 टक्के टॅक्सच्या टप्प्यात असाल तर टॅक्स वाचला 216 डॉलर.

तेही तुम्ही आयटेमाइझ करत असाल, म्हणजे ठरावीक सरसकट वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) न घेता एकेक वजावट दाखवत असाल, तरच. 2025 साठी जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन 31,500 आहे. राज्याचा टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स यांच्या वजावटीची मर्यादा त्याच वर्षी 10,000 वरून 40,000 झाल्यामुळे न्यू जर्सीतले बरेच घरमालक पुन्हा आयटेमाइझ करू लागतील, तुम्हीही कदाचित त्यात असाल. पण 2026 पासून आणखी एक पाचर आहे: उत्पन्नाच्या (एजीआयच्या) अर्ध्या टक्क्यापर्यंतच्या दानाला सूटच नाही. एजीआय 2,00,000 असेल तर पहिले 1,000 डॉलर त्यातच गेले. वर्षभरात दुसरं काही दान केलं नसेल, तर 900 च्या गाडीचं टॅक्सपुरतं मूल्य शून्य. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये तर अशा दानाची वजावट मुळातच नाही.

नियमाला अपवाद आहेत. संस्थेने गाडी विकून न टाकता स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली किंवा गरजू माणसाला फुकट वा अगदी स्वस्तात दिली, तर बाजारभावाची सूट मिळू शकते. मेरीलँडकडे ‘व्हेइकल्स फॉर चेंज’ ही संस्था गरजू कुटुंबांना अशा गाड्या देते. पण नोकरीवर जायला गाडी हवी असलेल्या बाईला ही एस-क्लास देणं म्हणजे तिच्या दारात हत्ती बांधणं. प्रीमियम पेट्रोल कोण घालणार, आणि सस्पेन्शन कोण बदलणार? त्यापेक्षा ज्या कम्युनिटी कॉलेजात ऑटोमोटिव्हचा कोर्स आहे तिथे फोन करून बघा. मुलांना खोलायला-जोडायला गाडी हवी असेल आणि ती तशी वापरू असं कॉलेज लिहून देत असेल, तर या गाडीचा त्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

माझं मत विचाराल तर गाडी तुम्हीच विका. जुन्या मर्सिडीज दुरुस्त करणारे स्वतंत्र गॅरेजवाले अशा गाड्या पार्टसाठी घेतात. घेतली त्यापेक्षा कमी किमतीत विकताय, म्हणजे त्या पैशावर टॅक्स नाही. मग तेवढ्याचा चेक संस्थेला द्या. टोइंग, लिलावाची फी आणि मधल्या कंपनीचा वाटा वाचतो. तुमच्या नोकरीत मॅचिंग (कर्मचाऱ्याच्या दानात कंपनीने भर घालायची सोय) असेल तर कंपनी चेकवर आपले पैसे घालेल, गाडीवर सहसा घालत नाही. शिवाय 2026 पासून आयटेमाइझ न करणाऱ्या जोडप्यालाही 2,000 डॉलरपर्यंतच्या दानाची सूट आहे, ती फक्त पैशांच्या दानाला. गाडी त्यात बसत नाही. पैसे महाराष्ट्रातल्या कामाला जावेत असं मनात असेल, तर महाराष्ट्र फाउंडेशनसारखी इथे नोंदलेली संस्था गाठा. गावच्या शाळेला परस्पर पाठवलेल्या पैशांवर इथे सूट नाही.

हे सगळं करायचा कंटाळा असेल, अनोळखी लोक दारात येऊन घासाघीस करणार हे नको असेल, तर खुशाल दान करा. तेही कारण पुरेसं आहे, आणि गाडी फुकट उचलून नेतात. फक्त रेडिओवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवायच्या आधी संस्थेचं नाव आयआरएसच्या (अमेरिकी टॅक्स खात्याच्या) साइटवर तपासा, आणि गाडीच्या पैशातलं संस्थेला नेमकं काय उरतं ते फोनवर सरळ विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरी संस्था बघा. सूट याच वर्षी हवी असेल तर 31 डिसेंबरच्या आत गाडी त्यांच्या ताब्यात गेली पाहिजे.

टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) खरेदीदाराच्या जागी संस्थेचं नाव लिहूनच सही करा. जागा कोरी ठेवायला सांगणाऱ्याला गाडी देऊ नका, नाहीतर पुढे कुणाच्या तरी पार्किंगचा दंड तुमच्या पत्त्यावर येईल. न्यू जर्सीत प्लेट गाडीबरोबर जात नाहीत. त्या काढून एमव्हीसीत (राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात) जमा करा, पावती घ्या आणि मगच इन्शुरन्स बंद करा. उलट क्रमाने केलंत तर लायसन्सपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. टोलसाठीचा ई-झेड पासचा टॅग, ग्लव्ह बॉक्समधले कागद आणि डॅशबोर्डवर गणपती असेल तर तोही आदल्या रात्रीच काढून ठेवा. टो-ट्रकवाला सकाळी सातला येतो आणि थांबत नाही.