बार्बरा जॉर्डन वकील होत्या का?

प्रश्न : अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या महाभियोगाविषयी वाचताना बार्बरा जॉर्डन हे नाव येतं. त्या मूळच्या वकील का?

उत्तर : हो, ह्यूस्टनच्या. १९५९ साली कायद्याची पदवी घेतली आणि आईवडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलावरच वकिली सुरू केली. आधी दोन निवडणुका हरल्या. १९६६ मध्ये टेक्सासच्या सिनेटवर, १९७२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर निवडून आल्या. पण मला त्या भावतात २५ जुलै १९७४ च्या भाषणासाठी. राज्यघटनेतल्या ‘आम्ही लोक’मध्ये सुरुवातीला आपण नव्हतोच, हे या कृष्णवर्णीय बाईंनी आधी ठणकावून सांगितलं. मग त्याच घटनेवर पूर्ण विश्वास जाहीर केला आणि महाभियोगाचा एकेक निकष घेऊन त्याशेजारी निक्सन यांची कृत्यं मांडत गेल्या. आरडाओरडा अजिबात नाही. ध्वनिमुद्रण मिळतं, जरूर ऐका.