पहिली क्यूसू घेताना

क्यूसू म्हणजे जपानी चहादाणी. सुरुवातीला महागडी नको. जपानच्या आयची प्रांतातल्या तोकोनामे शहराची, बाजूला दांडा असलेली, 200 ते 250 मिलीची साधी क्यूसू पुरते. दांडा सहसा उजव्या हाताच्या सोयीचा असतो. डावखुऱ्यांनी तसं सांगून मागवावी.

खरं बघायचं ते आतल्या जाळीकडे. फुकामुशी सेंचाचा (जास्त वेळ वाफवलेल्या जपानी हिरव्या चहाचा) चुरा मातीच्या जाळीच्या छिद्रांत अडकतो आणि धार थांबते. त्याला बारीक स्टीलची जाळी बरी. 4 ग्रॅम पानं, 70 अंशांचं पाणी, एक मिनिट. मग शेवटच्या थेंबापर्यंत ओता, नाहीतर उरल्या पाण्यात पानं मुरून पुढचा चहा कडू होतो.

साबण लावू नका, बिनझिलईची माती वास धरते (म्हणून मसाला चहाही तिच्यात नको). गरम पाण्याने विसळा, तोटीतून उलटी धार सोडून जाळी मोकळी करा आणि झाकण काढून वाळवा.