व्यक्तिमत्त्व चाचणीत पाट्या टाकून भरलेली उत्तरं कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या प्रकल्पासाठी गोल्डबर्ग यांची ५० विधानांची बिग फाइव्ह (व्यक्तिमत्त्वाचे पाच घटक, प्रत्येकी दहा विधानांनी मोजणारी) प्रश्नावली मराठी करून गुगल फॉर्मवर फिरवली. आता काहींनी वरपासून खालपर्यंत ‘सहमत’ ठोकलंय, काहींच्या उत्तरांना शेंडा-बुडखा नाही. अशी उत्तरं शोधायची कशी, आणि काढली तर चालतील का? मी संशोधन पद्धती शिकवते. परीक्षा जवळ आल्या की अशा एक्सेल शीट माझ्याकडे येतच असतात.

एकूण गुण बघून हे लोक सापडणार नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पन्नासही विधानांना ४ (म्हणजे ‘सहमत’) देणारा माणूस घेऊ. बहिर्मुखतेची ५ विधानं सुलट, ५ उलट (म्हणजे ‘सहमत’ म्हटलं की तो गुण कमी असल्याचं सांगणारी). उलट विधानांवरच्या ४ चे गुणांकनात २ होतात, म्हणजे बेरीज ३०. सौहार्दात ६ सुलट, ४ उलट: बेरीज ३२. भावनिक स्थैर्यात सुलट फक्त २, उलट ८: बेरीज २४. कागदावर दिसतो तो चारचौघांसारखा, जरासा काळजी करणारा माणूस. विधानं न वाचता १ ते ५ मध्ये कुठेही टिक करणाराही प्रत्येक घटकावर तिशीच्या आसपासच येतो. बॉक्सप्लॉटवर (टोकाचे आकडे वेगळे दाखवणाऱ्या आलेखावर) तो कडेला पडत नाही, मधोमध बसतो.

‘असू देत की, थोडी गडबड वाढेल, सहसंबंध जरा कमी येतील’ असं पुष्कळ जण म्हणतात. (सहसंबंध म्हणजे दोन गुण किती प्रमाणात सोबत वर-खाली होतात ते.) तसंच होईल असं नाही. समजा, मनापासून भरणाऱ्यांची सरासरी सौहार्दावर ३९ आणि कर्तव्यदक्षतेवर ३८ आहे. न वाचणारे दोन्हीकडे ३० वर येणार. आलेखात डाव्या खालच्या कोपऱ्यात त्यांचा पुंजका जमतो आणि त्याच्या ओढीने नसलेला सहसंबंध दिसू लागतो, किंवा असलेला फुगतो. हुआंग, लिऊ आणि बोलिंग यांनी २०१५ मध्ये हेच दाखवून दिलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९८५ मध्ये, श्मिट आणि स्टल्ट्स यांनी दाखवलं होतं की साधारण १० टक्के लोकांनी विधान उलट आहे हे न बघता उत्तरं दिली, तरी घटक विश्लेषणात (कोणती विधानं एकत्र जातात ते शोधणाऱ्या पद्धतीत) उलट विधानांचा वेगळाच घटक उगवतो. आणि मग आपण त्याला नाव शोधत बसतो.

आता शोधायचं कसं. एकच पर्याय ठोकणारे आणि वाटेल ते भरणारे या दोन वेगळ्या जाती आहेत, एका जाळ्यात दोन्ही सापडत नाहीत.

पहिल्यांसाठी सलग एकसारखी उत्तरं मोजा. हे उलट गुणांकन करण्याआधीच्या मूळ आकड्यांवर करायचं, आणि विधानं फॉर्मवर ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने. एक्सेलमध्येही जमतं: शेजारच्या रकान्यात तोच आकडा असेल तर मोजणी एकाने वाढवायची, नसेल तर पुन्हा १, आणि शेवटी त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. मर्यादा किती? निओ पीआय-आर या २४० विधानांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या मॅन्युअलमध्ये सलग ६ ‘पूर्ण असहमत’च्या पुढे संशय घ्यायला सांगितलंय, पण ‘सहमत’ मात्र सलग १४ पर्यंत चालवून घेतलेत, कारण माणसं एरवीही हो म्हणत जातात. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या शीटमध्ये या मोजणीचा आलेख काढा आणि शेपूट कुठे तुटतं ते बघा.

दुसऱ्यांसाठी सुसंगती तपासावी लागते. एमएमपीआय-२ या व्यक्तिमत्त्व चाचणीत ५६७ विधानं आहेत आणि त्यातल्या ६७ जोड्यांवरून विसंगती मोजण्याची सोय आतच आहे. तुमच्या प्रश्नावलीत ती नाही, पण जोड्या तुम्हाला जमवता येतील: ज्या विधानांचा आपसांतला सहसंबंध चांगला आहे ती घ्या आणि प्रत्येक माणूस त्यांत किती जुळतो ते बघा. प्रत्येक घटकातली सम आणि विषम क्रमांकांची विधानं वेगळी करून दोन्हींचा मेळ बघणारा सम-विषम निर्देशांकही आहे (हा उलट गुणांकनानंतर), पण तुमच्याकडे घटक पाचच, म्हणजे पाच बिंदूंवरचा सहसंबंध. त्यावर फार भिस्त ठेवू नका. शिवाय महालनोबिस अंतर काढा, म्हणजे एखाद्याच्या उत्तरांचा एकूण साचा बाकीच्यांपासून किती दूर आहे ते. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणाऱ्या महालनोबिसांचं १९३६ चं हे सूत्र मानवी शरीराच्या मोजमापांच्या कामातून आलं, आज जगभर या कामाला वापरतात. फक्त ते प्रामाणिक पण जगावेगळ्या माणसालाही पकडतं. ‘आर’ ही सांख्यिकीची संगणक भाषा येत असेल तर येन्टेस आणि विल्हेल्म यांच्या ‘केअरलेस’ पॅकेजमध्ये हे सगळं तयार मिळेल.

वेळेचा निकष आता तुमच्या हातचा गेला. गुगल फॉर्म फक्त पाठवल्याची वेळ नोंदवतो, सुरुवातीची नाही. वेळ नोंदवणाऱ्या लाइमसर्व्हेसारख्या सर्वेक्षण सॉफ्टवेअरवर घेतलं असतं, तर विधानामागे २ सेकंद, म्हणजे १०० सेकंदांच्या आत पन्नास विधानं उरकणारे लगेच बाजूला काढता आले असते.

काढण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की तपासा. ‘मला इतरांच्या अडचणींत रस नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणताना भलाभला माणूस गोंधळतो. ‘नाही’ला नाही म्हणायचं की हो? विसंगती सगळ्यांचीच त्याच दोन-तीन विधानांवर येत असेल, तर दोष भाषांतराचा आहे. ती विधानं वगळा, माणसं नकोत. मीड आणि क्रेग यांना २०१२ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांत १० ते १२ टक्के निष्काळजी उत्तरं आढळली होती. तुमची कात्री ४० टक्क्यांवर चालत असेल, तर आधी मर्यादा आणि भाषांतर तपासा.

काढायला हरकत नाही, पण निकष गृहीतकं तपासण्याआधी ठरवून लिहून ठेवा. दोन वेगळ्या कसोट्यांवर नापास होईल त्यालाच काढा, आणि किती जण, कशामुळे काढले हे पद्धतीच्या प्रकरणात द्या. ‘नमुना कमी करू नका’ असं गाइड म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याशी वाद घालू नका; सगळ्यांना धरून एक आणि वगळून एक, असे दोन्ही तक्ते त्यांच्यासमोर ठेवा.