आधी त्या भोकाचं बघा

प्रश्न : शहागंजच्या जुन्या बाजारात एक लहान रेकॉर्ड मिळाली. लेबलवर ‘गोल्डवॅक्स’, गायक ओ. व्ही. राइट. भोक एवढं मोठं, की प्लेअरवर डुगडुगते. आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर लावू का? आणि हा राइट कोण? – एक वाचक, परभणी

उत्तर : ग्रामोफोनवर? हात लावू नका राव! ती पोलादी सुई गाण्याचा भुगा करील. ही मिनिटाला 45 फेऱ्यांची, 7 इंची रेकॉर्ड आहे. दीड इंची भोकात बसणारी प्लास्टिकची चकती मिळते. मी एकदा पुठ्ठ्याची कापली होती. जराशी एका बाजूला सरकली आणि सूर झोका घेतल्यासारखा वर-खाली. नळदुर्गाहून आलेले पाहुणे म्हणाले, ‘गायक पिऊन गातोय का?’

गोल्डवॅक्स ही अमेरिकेतल्या मेम्फिसची छोटी रेकॉर्ड कंपनी. राइट चर्चमध्ये भक्तिगीतं गाऊन तयार झालेला. आपल्या भजनी मंडळातल्या बुवानं तोच आर्त गळा लावून बायकोसाठी गावं, तसं काहीसं हे ‘सोल’ संगीत. राइटचं ‘दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज’ हे गाणं 1964चं. सोल गायक ओटिस रेडिंगनंही ते गायलं आणि गाजलं ते त्याचं. मला विचाराल तर राइटचंच ऐका. रेडिंग प्रेम जाहीर करतो, राइट विनवणी करतो.

तुमच्याकडची रेकॉर्ड याच गाण्याची असेल, तर विकायची घाई नको. आधी पाण्यानं ओलसर केलेल्या मऊ फडक्यानं पुसा, लेबल मात्र कोरडं ठेवा.