देव सोबत आहे हे रोजच्या जगण्यात कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, मंडळीतले बाकीचे मात्र "देव माझ्याशी बोलला" असं सहज सांगतात, मग तुमचंच काही चुकतंय का? आणि मनात आलेला विचार देवाकडचा की आपलाच, हे कसं ताडायचं? मी नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले. घरी रोज संध्याकाळी कुटुंबप्रार्थना व्हायची, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मलाही जवळचे आहेत.

चुकत काहीच नाही. देव सोबत असणं वेगळं आणि तो जाणवणं वेगळं. स्तोत्र 88 एकदा शांतपणे वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेवर येतात, हे मात्र अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि त्यातली तक्रार थेट देवाकडेच केलेली आहे. काहीच जाणवत नसताना तुम्ही प्रार्थना सोडली नाहीत, हा माझ्या लेखी विश्वासच आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगताना आपण त्याला ऐकू आलेल्या देवाच्या "शांत, मंद वाणी"वरच थांबतो. पण 1 राजे 19 सुरुवातीपासून वाचा. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला हा माणूस रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो. देवदूत उठवतो तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. खाऊन तो पुन्हा झोपतो, पुन्हा त्याला उठवून खायला घालतात. वाणी फार नंतर येते, आणि तीसुद्धा "तू इथे काय करतोस?" असं विचारून त्याला कामाला लावते. तेव्हा तुमची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वास कमी पडला असं मुळीच नाही.

लूक 24 मधले अम्माऊस गावाला निघालेले दोघे शिष्य तर पुन्हा उठलेल्या प्रत्यक्ष येशूबरोबर वाट चालत होते, तरी त्यांना ओळख पटली नाही. त्याने भाकर मोडली तेव्हा पटली, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. मग ते एकमेकांना म्हणतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतून पेटल्यासारखं झालं नव्हतं का? म्हणजे खूण वाटेतच मिळाली होती, उमगली मागाहून. मला वाटतं बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं. चालू क्षणात देव शोधत बसलं की हाती काही लागत नाही. मागे वळून पाहिलं की कुठे आधार मिळाला, कुठे कोणी अडवलं, ते दिसायला लागतं.

दुसऱ्या प्रश्नालाही हेच लागू पडतं. 1521 साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नाती लोयोला, पुढे जेझुइट संघ स्थापणारा संत, पायाला गोळा लागून अंथरुणाला खिळला होता. शौर्याची, मानमरातबाची स्वप्नं रंगवताना त्याला फार बरं वाटे, पण नंतर मन कोरडं पडे. ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा वाचून त्यांच्यासारखं जगावं असं मनात आलं, की तो आनंद मात्र नंतरही टिके. विचारांची पारख त्याने इथून सुरू केली. वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीने मला त्याची रात्रीची पद्धत शिकवली: झोपण्याआधी पाचदहा मिनिटं दिवस डोळ्यांपुढून घालवायचा, कशाने मन देवाकडे आणि माणसांकडे वळलं, कशाने आक्रसलं ते पाहायचं, आणि दोन्ही प्रार्थनेत मांडायचं. आम्हा प्रॉटेस्टंटांच्या घरी ही सवय नव्हती. असायला हवी होती.

देवाकडचा विचार पुष्कळदा गैरसोयीचा असतो. माझ्या आत्याचा आणि तिच्या जावेचा शेताच्या बांधावरून अबोला होता. एका रविवारी मत्तय 5 मधला उतारा वाचला गेला: वेदीपाशी दान आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर. प्रभुभोजनाचं ताट आत्यापर्यंत आलं, तिने भाकर न घेता ते शेजारणीकडे सरकवलं. उपासना सुटल्यावर तशीच, चर्चच्या साडीत, जावेच्या ओट्यावर जाऊन बसली. जाऊ चुलीपुढून उठली नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. आत्या पुढच्या रविवारी पुन्हा गेली. बांधाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण जाऊ आजारी पडली तेव्हा दोन वेळचा डबा आत्याच्या घरून गेला. आत्या कधीच म्हणाली नाही की देव माझ्याशी बोलला.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला, तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायला अजून काही वर्षं जावी लागली. त्यांच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात 1905 साली मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, मुली तासन्‌तास मोठ्याने रडून प्रार्थना करत. ते खरं होतं असं मी मानते, पण केवळ त्या रडण्यावरून नाही. दुष्काळात टाकलेल्या मुलींना तिथे घर मिळालं, अक्षरओळख झाली, छापखान्यात हाताला काम मिळालं, यावरून. गलतीकरांस 5 मधली आत्म्याची फळं, म्हणजे प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता ही सगळी, वागण्यात दिसणारी आहेत.

"देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" असं म्हणून कोणी तुमचं लग्न, पैसा किंवा नोकरी ठरवायला लागलं, तर ते मुकाट्याने ऐकून घेऊ नका. 1 योहान 4 च्या पहिल्याच वचनात सांगितलंय की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारख करा. जो पारखू देत नाही, त्याच्यापासून लांब राहा, मग तो पाळक का असेना.

सध्या उपासनेला जात राहा, जाणवो न जाणवो. आणि मंडळीतली एखादी वयाने मोठी, कमी बोलणारी बाई किंवा बाबा गाठून, इथे लिहिलंत तेच त्यांना सांगा. त्यांनी लगेच वचनांचा मारा केला तर दुसरं कोणी शोधा. "मलाही असं झालं होतं" म्हणून तुमच्याजवळ बसणारं कोणी मिळालं, तर त्यांना तुमच्यासोबत रोज थोडा वेळ प्रार्थना कराल का असं विचारा.