लेकीला जर्मन घेऊन बी.ए. करायचंय : सांगलीच्या एका वडिलांना उत्तर

पत्र, थोडक्यात : माझी मुलगी यंदा बारावी शास्त्र शाखेतून ८४ टक्के मिळवून पास झाली. अकरावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतलं आणि ती त्यातच रमली. पुण्याला जाऊन बी१ या मधल्या पातळीची परीक्षाही पास झाली. आता म्हणते, इंजिनिअरिंग नको, जर्मन घेऊनच बी.ए., एम.ए. करायचं. भाषा तर क्लासला जाऊनही येते, मग त्यासाठी पाच वर्षं कशाला घालवायची? पुढे पोटापाण्याचं काय? नातेवाईक म्हणतात, सरळ जर्मनीलाच पाठवा, तिथे शिक्षण फुकट आहे. हिच्या आईचा जीव मात्र तिला लांब पाठवायला धजत नाही. आम्ही काय करावं?

सप्रेम नमस्कार,

क्लासला जाऊन भाषा येते, मग पदवी कशाला, हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. बहुतेक पालक तो मनातच ठेवतात आणि बहुतेक विद्यार्थी त्याचं उत्तर न शोधताच प्रवेश घेतात. मग दुसऱ्या वर्षाला कविता आणि भाषाविज्ञान समोर आलं की, "आम्हाला वाटलं होतं जर्मन बोलायला शिकवतील," असं म्हणत हिरमुसतात. तेव्हा आधी तेच बोलू.

क्लास तुम्हाला ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा भाषेच्या सहा पायऱ्या चढवतो. परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चार गोष्टींची असते. बी१ झालेली मुलगी जर्मनीत घर शोधू शकते, डॉक्टरला दुखणं सांगू शकते, साधं पत्र लिहू शकते. सी१ झालेली मुलगी विद्यापीठातलं व्याख्यान समजून घेते. हे मोलाचं आहे आणि त्यासाठी पदवी लागत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

विद्यापीठात जे शिकवतात त्यासाठी ती भाषा आधी यावी लागते. तिथला अभ्यास मुख्यतः साहित्य, भाषाविज्ञान आणि त्या समाजाचा इतिहास असा चालतो. जर्मनीतल्या विद्यापीठात गेलं तर साधारण इ.स. १२००च्या सुमाराचं 'निबेलुंगनलीड' हे महाकाव्यही वाचावं लागतं. त्याची भाषा आजच्या जर्मन मुलांनाही शिकवणाऱ्याच्या मदतीशिवाय कळत नाही; आपल्याला ज्ञानेश्वरी वाचताना अडतं, तसंच. भाषाविज्ञानात मराठी मुलांना एक फायदा मिळतो, त्याकडे फारसं कुणी लक्ष वेधत नाही. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे अडखळतात. तुमच्या मुलीने मनातल्या मनात मराठीशी ताडून पाहिलं, तर तिला निम्मी वाट ओळखीची वाटेल. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे मात्र पाठच करावं लागतं.

आणि इतिहास. नाझी सत्तेवर आले तेव्हा, १० मे १९३३ रोजी, जर्मनीतल्या विद्यापीठांच्या गावांत विद्यार्थ्यांनीच लेखकांची पुस्तकं जाळली. युद्ध संपलं, देशाचे दोन तुकडे झाले, १९६१मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, १९८९मध्ये ती पडली आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी देश पुन्हा एक झाला. या प्रत्येक वळणावर तिथले लोक स्वतःशी काय बोलले, काय लपवलं, मुलांनी आईवडिलांना काय जाब विचारला, हे त्यांच्या साहित्यात आहे. शिवाय हे साहित्य एका देशाचं नाही. काफ्का प्रागचा होता. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे लेखक त्यात आहेत. २०२२चा ब्युश्नर पुरस्कार हा तिथला मोठा मान तुर्कस्तानात जन्मलेल्या आणि नंतर जर्मन शिकलेल्या एमिने सेवगी योझदामार यांना मिळाला. हे सगळं वाचायला पाच वर्षं जास्त नाहीत, कमीच आहेत.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध, असंही कुणी विचारील. जर्मन नाटककार ब्रेश्टचं १९२८ सालचं बर्लिनमधलं नाटक पु.लं.नी 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून १९७८मध्ये मराठीत आणलं. ज्ञानकोशकार केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या जर्मन. संस्कृतचे अभ्यासक विंटरनित्झ यांचा भारतीय साहित्याचा इतिहास शीलवतीबाईंनी जर्मनमधून इंग्रजीत नेला. हायडेलबर्गचे प्राध्यापक ग्युंटर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर जाऊन ओव्या गोळा करत; बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावर त्यांनी १९७६मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. जर्मन साहित्य मराठीत येतं ते आजही बऱ्याचदा इंग्रजीच्या वळणाने. मूळ भाषेतून थेट मराठीत आणणारी माणसं थोडी आहेत. त्या कामावर पोट भरतं असं मी म्हणत नाही, पण तिथे काम पडून आहे आणि तुमच्या मुलीसारख्या मुलीच ते करू शकतात.

आता तिला हेच आवडतंय की नुसतं भाषा बोलता येण्याचं अप्रूप वाटतंय, हे पाहण्यासाठी एक छोटी परीक्षा सुचवते. वोल्फगांग बोर्शर्टची 'दास ब्रोट' ही कथा तिला वाचायला द्या. दोन-अडीच पानांची आहे आणि बी१च्या मुलीला शब्दकोश घेऊन जमते. युद्धानंतरचे उपासमारीचे दिवस. रात्री अडीच वाजता म्हातारीला जाग येते. नवरा स्वयंपाकघरात आहे, ताटलीशेजारी पावाचे कण सांडलेत. तो म्हणतो, काहीतरी आवाज आला म्हणून उठलो. तिला सगळं कळतं आणि ती त्याला ते जाणवू देत नाही. दुसऱ्या संध्याकाळी ती आपल्या वाट्याचा एक तुकडा त्याच्या पुढे सरकवते आणि सांगते, मला हा पाव रात्री पचत नाही. बोर्शर्ट १९४७मध्ये अवघ्या २६व्या वर्षी गेला.

कथा वाचून झाल्यावर तिला तुमच्याशी त्यावर मराठीत बोलू द्या. ती कुठल्या प्रश्नांकडे वळते ते ऐका. तेव्हा पाव किती मिळायचा, रेशन कसं होतं, बाईने खोटं का सांभाळून घेतलं, लेखकाने दोघांना नावंच का दिली नाहीत, असं ती विचारू लागली तर तिला हा अभ्यास मानवेल. "कळली, सोपी होती," एवढंच म्हणाली, तर तिला भाषा हवी आहे, साहित्य नको. यात वाईट काही नाही. मग तिने आवडीच्या दुसऱ्या विषयात पदवी घ्यावी आणि जर्मन क्लासला चालू ठेवावं.

पोटापाण्याचं सांगते. नुसत्या भाषेवर मिळणारं काम पुण्यात आज भरपूर आहे. चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीज आहेत, बँका आणि मोठ्या कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथे जर्मन ग्राहकांशी बोलणारी, हिशेब तपासणारी माणसं लागतात. बी२ झालेल्या मुलांना पहिली नोकरी लवकर मिळते. माझी हरकत अशी की या कामात तीन-चार वर्षांनी वरची पायरी दिसत नाही. ज्यांना हिशेब, खरेदी किंवा संगणक यातलं काही येतं तीच पुढे सरकतात. भाषांतराचंही असंच. साधी पत्रं आणि सूचनापुस्तिका यांचं पहिलं भाषांतर आता यंत्र करतं, त्यामुळे माणसाच्या वाट्याला तपासणी येते आणि दर घसरतात. कायद्याची, वैद्यकातली, साहित्यातली भाषा जाणणाऱ्याला मात्र अजून विचारणा होते.

शिकवणं हा मला यातला सगळ्यात भरवशाचा पेशा वाटतो. २०२४मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वर्षाची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक यांना जर्मन शिकवायला शिक्षक हवेत, आणि ते मराठीतून समजावू शकणारे हवेत. सांगलीच्या नर्सिंग कॉलेजातल्या मुलीला विभक्ती मराठीतून समजावणारी शिक्षिका पुण्यातसुद्धा सहज मिळत नाही. पण शाळेतल्या नोकरीबद्दल जरा जपून. केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मन चांगलं रुजत होतं; २०१४च्या अखेरीस, वर्ष अर्धं झालेलं असताना, तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला आणि अनेक शिक्षक रातोरात अधांतरी लटकले. म्हणून एकाच सरकारी धोरणावर विसंबून करिअर बांधू नये. महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए.नंतर नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावी लागते. जर्मन हा त्यातला स्वतंत्र विषय आहे.

कुठे शिकावं? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जर्मनचं स्वतंत्र केंद्र आहे. बी.ए. ऑनर्सचा प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो आणि शुल्क अगदी कमी आहे. दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ यांतही जर्मनचे पदवी अभ्यासक्रम आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्याला. एक गोष्ट आधीच विचारून घ्या. भारतातले बहुतेक बी.ए. अभ्यासक्रम भाषा शून्यापासून शिकवतात, कारण मुलं तशीच येतात. तुमच्या मुलीला बी१ येतं, तर पहिलं वर्ष तिला रिकामं वाटेल. तिला थेट वरच्या वर्गात बसू देतील का, की तो वेळ ती इतिहास किंवा मानसशास्त्राच्या जादा विषयाला देऊ शकेल, हे विभागप्रमुखांना भेटून विचारा.

मला स्वतःला तिच्यासाठी पुणे बरं वाटतं. बी.ए.ला जर्मनच्या जोडीला अर्थशास्त्र किंवा इतिहास घ्यावा आणि बाहेरून माक्स म्युलर भवन या जर्मन भाषा-संस्कृती केंद्राच्या परीक्षा देत राहावं. दुसऱ्या वर्षाअखेर बी२, पदवी हातात येईपर्यंत सी१. हे तिने पाळलं तर एम.ए. जर्मनचे दरवाजे इथेही उघडे राहतात आणि तिथेही. सी१ नसलेली बी.ए. जर्मन ही पदवी मात्र कंपनीतही अडते आणि विद्यापीठातही. असे विद्यार्थी माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांना पुन्हा क्लासला पाठवावं लागतं.

आता नातेवाइकांचा सल्ला. बारावीनंतर जर्मनीत थेट पदवीला प्रवेश सहसा मिळत नाही. इथे काही काळ पदवीचं शिक्षण घ्यावं लागतं किंवा तिथे पूर्वतयारीचं वर्ष करावं लागतं. त्यात जर्मन साहित्य म्हटलं की वर्गात सगळी ज्यांची मातृभाषाच जर्मन अशी मुलं असणार आणि ही त्यांच्यासोबत पहिल्या महिन्यापासून निबंध लिहिणार. बी१वर हे झेपणार नाही. फुकट म्हणाल तर सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीचं शुल्क नसतं, सत्राची वर्गणी तेवढी भरावी लागते. पण हायडेलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग ही नावाजलेली विद्यापीठं ज्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात आहेत, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १५०० युरो भरावे लागतात. राहण्याखाण्याच्या खर्चापोटी व्हिसाआधी ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे १२ लाख रुपयांच्या घरातली रक्कम; ती नंतर दर महिन्याला ९९२ युरो अशी परत मिळत जाते. शिवाय २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, सक्तीचं झालंय. अर्ज करायच्या वर्षी हे आकडे वकिलातीच्या माहितीवरून पुन्हा तपासा, ते बदलत असतात.

म्हणून जर्मनीला पाठवायचं ते एम.ए.ला. तेव्हा ती २१-२२ वर्षांची असेल, सी१ झालेलं असेल आणि डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याइतकी तयारी असेल. परदेशी लोकांना जर्मन शिकवण्याचं शास्त्र शिकायचं तर लाइपझिगची हेर्डर इन्स्टिट्यूट, दोन संस्कृतींच्या तुलनेतून जर्मन साहित्य पाहायचं तर बायरॉइट, अशी नावं तिने आतापासून वाचून ठेवावीत.

इंजिनिअरिंग करून सोबत जर्मन शिकणं ही उत्तम वाट आहे, पण ज्याला इंजिनिअरिंग आवडतं त्याच्यासाठी. तुमच्या मुलीने नको म्हटलंय. चार वर्षं ओढूनताणून केलेली पदवी आणि हातची सुटलेली भाषा, असा दुहेरी तोटा मी तिच्या वाट्याला येऊ देणार नाही.

तिच्या आईला सांगा, निदान तीन वर्षं मुलगी पुण्यातच राहील आणि सणावाराला एसटीने घरी येईल. पुढचं ठरवायला तोवर वेळ आहे. या आठवड्यात एवढं करा : ती कथा तिला वाचायला द्या, पुण्यातल्या ज्या महाविद्यालयांत बी.ए.ला जर्मन आहे तिथली माहितीपत्रकं मागवा आणि त्यातल्या एका विभागात तिला घेऊन जा. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिला अर्धा तास एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. त्यानंतरही ती जर्मनच म्हणाली, तर फॉर्म भरा आणि मला कळवा. विषयांची जोडी आपण तिघं बसून ठरवू.