मुलीच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियाला जाताना घरच्या वापरासाठी किती किलो डाळ, मिरची, मसाला, डिंकाचे लाडू नेता येतात? वापर घरगुती असल्याचं पत्र लागतं का?

ताई, पत्रबित्र काही लागत नाही आणि त्याचा उपयोगही नाही. आमचाही पहिल्यांदा हाच घोळ झाला होता. आपल्याला वाटतं घरच्यासाठी नेतोय, विकायला थोडंच नेतोय, मग कोण कशाला अडवेल. पण ते बघतात कीड आणि रोग, आणि किडीला काय माहीत डाळ दुकानाची की घरची? त्यामुळे किलोचा हिशोब नंतर, आधी वस्तू कोणती ते बघा.

मी अमळनेरचा, मुलगा मेलबर्नला असतो, 2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो. सौ.ने महिनाभर आधीपासून तयारी केलेली, तूरडाळ, शेंगदाणे, देठं खुडलेली लाल मिरची, धने, जिरे, वर कैरीचं लोणचं, चहा पावडर आणि बिबडे. मी म्हटलं एवढं कशाला, तर म्हणे "लई जा ना, तठे पोरले काय भेटस!" (तिकडे सगळं भेटतं, दुकानं भरून भेटतं, ते आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.)

विमानातच एक कार्ड देतात, त्यात विचारलेलं असतं की खाण्याचे पदार्थ, बिया, झाडपाला, प्राण्यापासून झालेलं काही आहे का. शेजारचा एक जण म्हणाला काका नो करून टाका, यस केलं की दोन तास उभं करतात. नशीब माझं की मुलाने फोनवर दहादा बजावलं होतं, मी यसवरच खूण केली. उतरल्यावर वेगळी लाईन, एक बाई ऑफिसर होती, तिने पिशव्या टेबलावर मांडायला सांगितल्या. डाळ, शेंगदाणे, मिरची, धने, जिरे सगळं एका बाजूला काढलं आणि ते गेलं. लोणचं बघून परत दिलं, चहा परत दिला. बिबड्यांपाशी गाडी अडली, तिला कळेना हे काय आहे, मी माझ्या इंग्रजीत सांगतोय ज्वारी शिजवून वाळवलेला पापड, तिने एक उजेडाकडे धरून पाहिला, मोडून पाहिला आणि ठेवून घ्या म्हणाली. पण हा नियम समजू नका, ते त्या ऑफिसरच्या हातात असतं. एक रुपया दंड नाही, ओरडणं नाही, थँक्यू म्हणाली उलट.

दंड होतो तो लपवल्यावर. असूनही नो लिहिलं आणि कुत्र्याने नाहीतर मशीनने पकडलं तर तिथल्या तिथे हजारो डॉलरपर्यंत दंड लागू शकतो, आणि 2019 पासून तर व्हिजिटर व्हिसा रद्द करून परत पाठवायचीही सोय केलीय त्यांनी. बाळंतपणाला गेलेली आई एअरपोर्टवरूनच परत, कशाला हवंय.

आता डाळ-मिरचीवर एवढा राग का ते सांगतो, कारण मलाही गंमत वाटली. खापरा नावाचा भुंगेरा आहे, आपल्याच भागातला, इंग्रजीतही त्याला खापराच म्हणतात. आपल्या डोक्यात खापर म्हटलं की पुरणपोळीचं खापर येतं, तिकडे खापरा म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. त्याची अळी कोठाराच्या फटीत न खाता-पिता वर्षानुवर्षं पडून राहू शकते आणि धान्य मिळालं की पुन्हा सुरू, औषधालाही सहज दाद देत नाही. गहू पिकवून जगभर विकणारा देश तो, घाबरणारच. म्हणून 2020 पासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरा, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे, धने, जिरे, सुक्या मिरच्या हे सगळं बंद. कितीही निवडून, उन्हात वाळवून, डब्यात कडुलिंबाचा पाला घालून नेलं तरी बंदच, आणि तो पाला दिसला तर अजून एक प्रश्न वाढतो!

पेढे, बर्फी, खवा यांचं कारण वेगळं, लाळ्या-खुरकूत. ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना काय सांगायचं, लाळ गळते, खूर सडतात, दूध आटतं. आपल्याकडे तो रोग आहे, त्यांच्याकडे 1872 नंतर आलेला नाही आणि त्यांना तो येऊही द्यायचा नाही. त्यामुळे दुधाची मिठाई ठेवा घरी. कढीपत्ता, ताजी फळं, मांस तर नावच काढू नका.

डिंकाच्या लाडवाचं माझं स्पष्ट मत, तिथे जाऊन करा. डिंक, खारीक, तूप सगळं इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, आणि लेकीच्या घरात लाडू वळल्याचा वास सुटला तर तिलाही बरं वाटेल. दुसरं म्हणजे खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकूच नका, सुकं खोबरं तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानासाठी धोकादायक मालाच्या यादीत आहे, मुंबईलाच काढून घेतील.

आणि खसखस. हे नीट वाचा, कारण आपल्या काळ्या मसाल्यात आणि लाडवात दोन्हीत ती असते. तुमचं विमान दुबई किंवा सिंगापूरवरून असेल आणि मध्ये एखाद-दोन दिवस भाच्याकडे वगैरे उतरायचा विचार असेल तर खसखस अजिबात नको, दोन्हीकडे ती अफूच्या बोंडातली म्हणून बंदी घातलेल्या मालात धरतात, आणि तिथे मामला दंडावर नाही, पोलिसांवर जातो. लोक "स्वयंपाकाची आहे हो" सांगत बसलेत आणि आत गेलेत. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या, पाकिटावर इंग्रजीत काय काय घातलंय ते लिहा आणि कार्डावर यस करून समोर ठेवा, घेतला तर घेतला.

बॅगेत सगळं खाणं एकाच पिशवीत वरच ठेवा, नाहीतर तिथे साड्या उपसत बसावं लागतं, आमच्या सौ.ला तेच जास्त लागलं, मिरची गेल्यापेक्षा. आणि पर्समध्ये एक पेन ठेवा, आमच्या विमानात अख्ख्या रांगेत एकच पेन फिरत होता.